पांढऱ्या रेघेपलीकडचा सापळा

शनिवारी पहाटे पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी वन्सं पुलाच्या दुसऱ्या कमानीखाली गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. डाव्या गुडघ्याला पट्टी, पट्टीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीवर दोन रबरी कडी. सापळा उचलताना त्या घाई करत नाहीत. आधी तोंडाकडची बाजू वर घ्यायची, शेपटी पाण्यातच ठेवायची, म्हणजे आतला मासा पाण्याबाहेर पडत नाही. मग बादली पाण्याखाली सरकवायची, शेपटीचं झाकण काढायचं आणि सापळा तिच्यात अलगद रिता करायचा. मासा एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातो, मधे हवा लागत नाही.

बादलीत चार शिंगटी उतरल्या, मिशा हलवत. त्यांच्यामागून एक खेकडा निघाला. तो सापळ्यात घरजावयासारखा पाय पसरून बसला होता.

"तुला कोणी बोलावलं होतं?" वन्संनी त्याला विचारलं आणि पाठीकडून धरून लांब भिरकावला.

हवा होता तो मासा नव्हता. सहाला धरणाचं दार उघडणार होतं. ते उघडलं की ओढ्याला दुपारपर्यंत इतकी ओढ लागते की उभं राहणं मुश्कील. तेरा मिनिटं उरली होती आणि अजून दोन सापळे बाकी होते. त्यांनी ते उचलले. एकात मळ्यांचा थवा मिळाला, चमच्याच्या दांड्याएवढे चंदेरी मासे. दुसऱ्यात पानं.

"वन्संऽऽ! मिळाला का?" वरून, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आवाज आला.

"तू चहा टाक!" वन्सं खालून ओरडल्या. उत्तर तेवढंच होतं.

वन्संना सगळी गल्ली वन्संच म्हणते. खरं तर हा शब्द नवऱ्याच्या बहिणीसाठी, आणि तो वापरायचा हक्क या गल्लीत एकाच बाईला आहे, त्यांच्या भावजयीला. पण भावजयीचा आवाज असा, की गेली तीस वर्षं ती रोज सकाळी त्या खिडकीतून हाक मारते आणि हाक सायकलदुरुस्तीच्या दुकानापर्यंत जाते. ऐकून ऐकून बेकरीवाला वन्सं म्हणायला लागला, मग टपालवाला, मग शाळेतली पोरं. ज्यांचं अजून लग्नही ठरलेलं नाही तेसुद्धा त्यांना वन्सं म्हणतात.

त्यांचा धंदा जिवंत मासे पकडण्याचा. खाण्यासाठी नाही. मासे वाढवणाऱ्यांना पैदाशीला जोड्या लागतात, शाळांना तळ्यात सोडायला मासे लागतात, आणि गावातल्या बागेमागे मत्स्यालय आहे, तिथे सगळ्यात जास्त लागतात. तीनही गिऱ्हाइकांची अट एकच. खवला निघालेला नको, पर फाटलेला नको, अंगावरचा बुळबुळीत थर पुसलेला नको. तो थर गेला की तिसऱ्या दिवशी अंगावर पांढरा कापूस धरतो आणि मासा उलटा तरंगतो. म्हणून वन्सं माशाला कोरडा हात लावत नाहीत. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवल्याशिवाय वापरत नाहीत. मोठा मासा आणि छोटा मासा एका बादलीत ठेवत नाहीत, कारण घरी पोचेपर्यंत एकच उरतो आणि तो फार समाधानी दिसतो.

"मेलेला मासा काय, मांजरही आणतं," असं त्या म्हणतात.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत भाऊ आणि भावजय झोपतात, दुसरीत वन्सं आणि मासे. खिडकीखाली तीन टब, त्यांत बुडबुडे सोडणारे पंप, दिवसरात्र गुरगुर चालू. नवीन पाहुण्याला त्या आवाजाने झोप लागत नाही, आणि वीज गेली की घरातल्या तिघांनाही लागत नाही. एका भिंतीला खिळ्यांवर सापळे टांगलेले. ओल्या फोकांचे, म्हणजे बारीक लवचीक डहाळ्यांचे, वन्संनी स्वतः विणलेले, लांबट सुरईच्या आकाराचे. तोंडाशी आत वळलेला गळा, मासा सहज आत शिरतो आणि परत निघायची वाट त्याला सापडत नाही. मागच्या टोकाला लाकडी झाकण. प्रत्येकाच्या तोंडाची कड दुहेरी पिळाची, बोट फिरवलं तरी फोकेचं टोक लागणार नाही असा शेवट केलेली. आणि सगळे लख्ख. रोज उचलल्यावर वन्सं प्रत्येक सापळा ताठ ब्रशने घासतात, आतून, बाहेरून, गळ्यात हात घालून, आणि गच्चीत उन्हाला लावतात. ओढ्यावर आणखी दोघं-तिघं सापळे लावतात, त्यांचे सापळे हिरवे, बुरसट. वन्सं त्यांच्याकडे पाहून नाक मुरडतात. बेकरीवाला म्हणतो, "वन्संच्या सापळ्यात पाव ठेवून विकले तरी कुणाची तक्रार येणार नाही."

समोरच्या भिंतीला फक्त एक वस्तू टांगलेली असते. जाळं. ते भावजयीचं.

या जाळ्यावरून घरात जे बोललं जातं त्यापेक्षा जे बोललं जात नाही ते जास्त आहे. फेकजाळं आहे, काठाला शिशाच्या गोळ्या, वर शेंडी, शेंडीला दोरी. वन्संच्या आईने एका हिवाळ्यात ते स्वतः गुंफलं. आई थकली तेव्हा तिने फोका सोलायचा चाकू लेकीला दिला आणि जाळं सुनेला. का, ते सांगितलं नाही. तेव्हापासून वन्संचं मत आहे की जाळं ही ज्यांना धीर धरता येत नाही अशा माणसांची वस्तू आहे.

"गाठी अंगाला घासतात, खवले निघतात, निम्मे मासे घाबरूनच मरतात," त्या म्हणतात.

"आणि सापळ्यात रात्रभर मोठा धाकट्याला खातो, ते बरं चालतं तुम्हाला," भावजय म्हणते.

"आता त्या जाळ्यात आईच्या हातची एक गाठ राहिली असेल तर शपथ."

"शेंडीकडच्या चार ओळी त्यांच्याच आहेत. मी हात लावलेला नाही."

या दोघींच्या मधला माणूस म्हणजे धाकटा भाऊ. मासे पकडणाऱ्यांच्या घरात जन्मून पाण्याला भिणारा. घोट्याच्या वर पाणी आलं की त्याला दरदरून घाम फुटतो. तो तीनचाकी टेम्पो चालवतो, टब चढवतो, उतरवतो. सापळा चांगला की जाळं, असं विचारलं की म्हणतो, "मी ड्रायव्हर आहे." एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला बायको. अडकित्त्यातल्या सुपारीने मत द्यायचं नसतं, हे त्याला लवकर कळलं.

मत त्याने एकदाच दिलं. पाच आठवड्यांपूर्वी वन्सं बंधाऱ्याखाली खोलगट जागी सापळा लावायला गेल्या, शेवाळलेल्या दगडावरून पाय सरकला, गुडघा दगडावर आपटला. सापळ्याची दोरी हातातून सुटली आणि सापळा गेला. बेकरीवाल्याने आणि सायकलवाल्याने त्यांना उचलून जिन्यावरून वर आणलं. वन्संना पडण्यापेक्षा ते उचलून आणणं जास्त लागलं.

त्या संध्याकाळी भाऊ रंगाचा डबा घेऊन खाली गेला. काठाच्या भिंतीवर, ज्याच्यापुढे तळ खाली जातो तिथे, त्याने पायऱ्यांवर उभं राहून एक पांढरी उभी रेघ मारली.

"ताई, याच्यापुढे जायचं नाही."

"रेघेला पोहता येतं का रे?"

"तुला तरी कुठे येतंय आता? त्रेसष्ट वर्षांची झालीस. काठावर बस, सापळे वीण. उचलायचं काम ही करेल."

ही म्हणजे भावजय. तिला सापळा उचलता येतो की नाही यावर वन्सं त्या रात्री बराच वेळ बोलल्या. शेवटी जेवणाच्या टेबलावर तह झाला. मत्स्यालयात नवीन मोठी टाकी तयार होती. याच ओढ्यासारखी, दगड, वाळू, वाहतं पाणी, आणि ओढ्यात राहणारे सगळे मासे तिच्यात. रविवारी ती लोकांसाठी उघडणार. सगळे मासे पोचले होते, एक सोडून. वन्सं म्हणाल्या, "तो एक मी माझ्या सापळ्यात, जिवंत, शनिवारपर्यंत आणून दाखवते. आणला तर मी पाण्यात उतरणार, जमेल तोवर. नाही आणला तर बसते काठावर. पण मग मला कोणी 'बघायला या' म्हणून खाली बोलवायचं नाही."

"आणि रेघ?" भावाने विचारलं.

"रेघेच्या अलीकडेच आणते. झालं समाधान?"

तो एक म्हणजे दगडचाटू. बोटाएवढा, मातकट, पोट सपाट, तोंड खालच्या अंगाला. बंधाऱ्याखालच्या जोरात वाहणाऱ्या पाण्यात दगडाला तोंडाने चिकटून बसतो आणि शेवाळ खरवडत दिवस काढतो. कणकेच्या गोळ्याला तो विचारत नाही, गांडुळाला विचारत नाही. जाळं टाकलं तर ते त्याच्या पाठीवरून निघून जातं आणि त्याला पत्ताही लागत नाही. दगड उचलला तर तो पुढच्या दगडाला. आणि ओढून काढला तर ओठ फाटतो, दोन दिवसांत मरतो. वन्संनी आयुष्यात तो मोजून तीनदा हातात धरला होता, तिन्ही वेळा चुकून, आणि तिन्ही वेळा तो तळहाताला असा चिकटून बसला की त्यांना त्याची फक्त पाठ दिसली.

मत्स्यालयाचा व्यवस्थापक तरुण आहे, अविवाहित आहे, आणि तोही वन्संच म्हणतो. त्याने सांगितलं होतं, "वन्सं, त्याला शेवाळ लागतं. शेवाळाचं काहीतरी बघा."

"मग बघितलं की," वन्सं पुढे सगळ्यांना सांगत. "शेवाळाचे लाडवाएवढे गोळे करून सापळ्यात बांधले. सकाळी बघते तर गोळे वाहून गेलेले आणि सापळा रिकामा. शेवाळ आणखी कसं द्यायचं? ताटात वाढून?"

महिनाभर सापळा मोठा करून झाला, छोटा करून झाला. गळा रुंद करून झाला. दगडांच्या फटीत, दगडांच्या आड, दगडांच्या खाली, सगळीकडे लावून झाला. सगळं रेघेच्या अलीकडे. आणि रोज प्रत्येक सापळा स्वच्छ घासून, वाळवून, मगच पाण्यात.

शनिवारी दुपारी साडेतीनला धरणाचं दार बंद झालं. चारच्या सुमाराला ओढा बारीक झाला, दगडांची डोकी वर आली. वन्संनी शेवटचे दोन सापळे उचलले. एकात खेकडा. सकाळचाच असावा, नजर ओळखीची होती. दुसरा रिकामा.

त्या पायऱ्यांवर पालथ्या बादलीवर बसल्या आणि गुडघ्यावरची पिशवी सोडायला लागल्या. भाऊ वरच्या रस्त्यावर टेम्पोला टेकून उभा होता.

भावजय जाळं घेऊन खाली आली. दुपारची वेळ तिची. तिला मळ्यांची आणखी एक खेप हवी होती.

"बसा वन्सं, बसा," ती म्हणाली. "काठावरून पण छान दिसतं सगळं."

"दिसतंय ना. तुझी साडी आता भिजेल, अक्कल मात्र कोरडीच राहील."

"आज बोला काय बोलायचं ते. उद्यापासून काठावरून ओरडावं लागेल, ऐकू यायचं नाही मला."

"तुला? तू बोलतेस तेव्हा लोक खिडक्या लावून घेतात, आणि तुला ऐकू यायचं नाही!"

भावजय हसली. मग रेघेपाशी गेली, दोरी मनगटाला गुंडाळली, जाळ्याची अर्धी घडी कोपरावर घेतली, कमरेतून वळली आणि फेकलं. जाळं हवेत ताटासारखं गोल उघडलं. ते तसं उघडलं की वन्संची नजर तिकडे जातेच, वाद कितीही असला तरी. शिशाच्या गोळ्या एकदम पाण्यावर पडल्या, पाऊस पडल्यासारखा आवाज झाला. भावजयीने जरा थांबून दोरी ओढली. दोरी ताठ झाली आणि तिथेच राहिली.

"अडकलं," ती म्हणाली.

"दगडाला?"

"दगडाला असतं तर सरकलं असतं. कशाला तरी गुंतलंय." तिने डावीकडून ओढून बघितलं, उजवीकडून ओढून बघितलं. कुठेतरी एक धागा तुटल्याचं दोरीतून हाताला कळलं आणि तिने ओढणं थांबवलं. "वन्सं, ओढलं तर फाटतंय."

"मग सोड दोरी आणि आत जाऊन सोडव."

"सोडली तर प्रवाह बंधाऱ्याच्या फटीत नेईल त्याला. मग शेंडीपासून फाटेल."

शेंडीपासून, म्हणजे त्या चार ओळींपासून. दोघींनीही वर भावाकडे पाहिलं. भाऊ आपल्या बुटांकडे पाहत होता.

वन्सं उठल्या. पिशवीची कडी पुन्हा गुडघ्यावर चढवली आणि पाण्यात उतरल्या. रेघेपाशी आल्या तेव्हा वरून आवाज आला, "ताई! रेघ!"

"तुझी रेघ तू घेऊन ये इथे, मी जरा बाजूला ठेवते!"

त्यांनी भावजयीच्या हातापुढची दोरी धरली आणि दोरीच्या आधाराने एकेक पाऊल पुढे टाकायला सुरुवात केली. आधी तळाला पायाने चाचपायचं, मग भार द्यायचा. पाणी कमरेला आलं. बंधाऱ्याच्या भिंतीपासून हातभर अंतरावर गुडघ्याने दगा दिला. डावा पाय घसरला आणि वन्सं दोरीला लोंबकळल्या, सगळ्या वजनाने. भावजय पायरीला टाच लावून मागे झुकली. दोरी करकरली.

"जाळं फाटेल गं!" वन्सं ओरडल्या.

"फाटू दे! सोडू नका तुम्ही!"

जाळं फाटलं नाही. वन्संना पायाखाली वाळू लागली, त्या उभ्या राहिल्या, नाकातलं पाणी शिंकरलं. बंधाऱ्याला पाठ टेकून त्यांनी हात पाण्याखाली घातला आणि डोळे मिटले. हाताने बघायचं असेल तर त्या डोळे मिटतात. जाळ्याचा काठ लागला. मग शिशाची गोळी. मग काहीतरी केसाळ, बुळबुळीत, लांबट, दोन दगडांच्या मधे पाचरीसारखं बसलेलं. त्यातून निघालेल्या एका तुटक्या फोकेत जाळ्याची घरं गुंतली होती. वन्संनी बोट कडेवरून फिरवलं. शेवाळाच्या खाली कड दुहेरी पिळाची होती. बोटाला कुठेही टोक लागलं नाही.

"अगं, हा माझाच आहे!"

"काय?"

"सापळा! पडले त्या दिवशीचा! इथेच बसलाय मेला, मी अख्खा ओढा शोधला!"

त्यांनी सापळा हलवून दगडांतून मोकळा केला आणि पाण्याखालूनच, वर न उचलता, एकेक पाऊल मागे घेत उथळ पाण्यात आणला. जाळं त्याच्यासोबत आलं. गुडघाभर पाण्यात दोघी त्याच्यावर वाकल्या. सापळा ओळखू येत नव्हता. बाहेरून हिरवा, आतून हिरवा, जणू केसाळ जनावर. मागचं लाकडी झाकण कधीच निघून गेलं होतं. भावजय गुंता सोडवायला सापळा वर उचलणार, एवढ्यात वन्संनी तिचं मनगट धरलं.

"थांब. हलवू नकोस."

आतल्या भिंतीवर, शेवाळात, पाकिटावर टपालाची तिकिटं चिकटवावीत तसे तीन दगडचाटू चिकटलेले होते. एक जरा सरकला. त्याच्यामागे खरवडलेल्या शेवाळाची स्वच्छ पट्टी दिसली.

मग वन्संनी भिंतीला टांगलेल्या आपल्या सगळ्या लख्ख सापळ्यांच्या आठवणीने कपाळावर हात मारला, आणि हात ओला असल्यामुळे आवाज चांगला आला.

"महिनाभर घासत होते मी," त्या म्हणाल्या. "रोज. जेवायला बोलवायचं आणि ताट धुऊन उलटं ठेवायचं, तशातली गत."

"मत्स्यालयाचे साहेब म्हणाले होते, शेवाळाचं बघा."

"आता तू नको बोलूस."

"मी काही बोलत नाही. मी फक्त म्हणते, साहेब म्हणाले होते."

गुंता अजून तसाच होता. हात लावला की सापळा हलायचा आणि दगडचाटू बिथरायचे. फोक तोडली तर सापळा उसवणार, आणि भिंतीसकट मासे निघणार. वन्संनी कमरेचा चाकू काढला, आईचा, आणि हातात तसाच धरून राहिल्या. फोक की दोरा, हे त्यांच्या तोंडून निघेना. भावजयीने चाकू त्यांच्या हातातून घेतला आणि आपल्या जाळ्याची घरं कापली. एक, दोन, तीन, काठाजवळची सगळी.

"काठाचीच आहेत," ती म्हणाली. "माझ्या गाठी आहेत या, परत मारता येतात."

टब पाण्याखाली बुडवला, सापळा आत सरकवला, दोघींनी दोन बाजूंनी उचलला. मासे एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात गेले, आणि राहत्या घरातून हललेही नाहीत. पायऱ्यांपर्यंत भाऊ आला होता. चक्क घोट्याच्या वर पाण्यात. त्याचं त्याच्याच लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं तेव्हा त्याने टब घेतला आणि तीन पायऱ्या एका ढांगेत चढला.

टेम्पोच्या मागच्या भागात टबाच्या एका बाजूला वन्सं बसल्या, दुसऱ्या बाजूला भावजय. टबावर ओलं पोतं. दर काही मिनिटांनी वन्सं मगने पाणी काढून उंचावरून परत टबात ओतत होत्या, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. दोघी डोक्यापासून पायापर्यंत ओल्या होत्या आणि भांडत होत्या.

"पैज मी जिंकले. माझ्या सापळ्यात मिळाला, जिवंत, शनिवारी."

"माझ्या जाळ्याने शोधला. जाळं पडलं नसतं तर सापळा तिथेच कुजला असता."

"जाळ्याने शोधला नाही, जाळं अडकलं. अडकण्याला शोधणं म्हणतात का?"

"आणि तुमच्या सापळ्यात ते अडकले तरी होते का? झाकण नाही मागे. येत होते, जात होते. पकडलेले नव्हते वन्सं, राहायला आले होते."

वन्संनी एक मग पाणी जास्तच उंचावरून ओतलं.

"धाकट्या, तू सांग रे," त्या पुढे ओरडल्या.

"मी ड्रायव्हर आहे," पुढून आवाज आला.

मत्स्यालयाचा व्यवस्थापक मागच्या दाराशी उभा होता. त्याने पोतं बाजूला केलं, आत पाहिलं आणि नुसताच "अरे!" म्हणाला. मग त्याने दोन्ही पाण्यांत तापमापक घातला. टब नवीन टाकीजवळ ठेवून टाकीचं पाणी थोडं थोडं त्यात मिसळत राहिला, माशांना एकदम फरक बसू नये म्हणून. त्यात अर्धा तास गेला. तोवर सगळे बाकावर बसून ओले कपडे पिळत होते. मग त्याने विचारलं, "हा सापळाच टाकीत ठेवू का? यांचं घरच आहे हे. सोडवत बसलो तर ओठ फाटतील."

"हा?" वन्सं उभ्याच राहिल्या. "तुटका, घाणेरडा, झाकण नसलेला? लोक येतील, म्हणतील वन्सं असले सापळे करतात. अहो साहेब, मी तुम्हाला नवा देते, लख्ख!"

त्या बोलून गेल्या, आणि मग तिघंही आपल्याकडे पाहत आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. आधी भावजय हसायला लागली, मग भाऊ, मग व्यवस्थापक, कारण काय ते त्याला नीट कळलेलं नसताना. शेवटी वन्संनाही हसू आवरेना.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "पण तोंड खालच्या अंगाला ठेवा. प्रवाहाकडे पाठ. एवढं तरी नीट दिसू दे."

सापळा वाळूत टेकवला गेला. काही वेळाने एक दगडचाटू मागच्या उघड्या टोकातून बाहेर आला, टाकीभर एक फेरी मारून समोरच्या काचेला येऊन चिकटला. पोट काचेला, तोंड काचेला. वन्सं वाकल्या. ते तोंड गोल होतं, मऊ होतं, त्याला वर-खाली दोन ओठ होते, आणि ते काच चाटत हळूहळू वर चढत होतं. वन्संनी नाक काचेला लावलं.

"खालून असा दिसतो होय," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, "अगं, ये इकडे. बघ तरी."

भावजय शेजारी वाकली. दोघींच्या श्वासांनी काच धुरकट झाली, ती भावजयीने ओल्या पदराने पुसली आणि आणखी ओली केली.

निवाडा परतीच्या वाटेवर झाला आणि तो भावजयीने केला. पैज वन्संनी जिंकली, रेघ वन्संनी ओलांडली. तेव्हा पाण्यात उतरणं चालू राहील, पण एकटीने नाही. सकाळी दोघी उतरतील. रेघेच्या अलीकडचे सापळे वन्सं उचलतील, पलीकडचे भावजय, कमरेला दोरी बांधून, आणि दोरीचं दुसरं टोक वन्संच्या हातात.

"तुला सापळा उचलता येतो का?" वन्संनी विचारलं.

"शिकवा."

"तोंड आधी वर. शेपटी पाण्यात. ओढायचं नाही. तू ओढणार, मला माहितेय."

"मग तुम्ही ओरडणार, मलाही माहितेय."

"मी ड्रायव्हर आहे," भाऊ पुढून म्हणाला, त्याला कोणी काही विचारलेलं नसताना.

घरी आल्यावर भावजयीने जाळं खिळ्याला टांगलं आणि सुतळीची रीळ काढून कापलेली घरं परत विणायला बसली. वन्संनी भिंतीवरचे तीन सापळे खाली घेतले. ब्रश मोरीत, नेहमीच्या जागी, होता. त्याच्याकडे त्यांनी दोनदा पाहिलं. मग दुपारी उचललेले, अजून ओले, बुडाशी हिरवट धरायला लागलेले दोन सापळे त्यांनी तसेच दाराजवळ ठेवले, आणि खाली घेतलेल्या तीन लख्ख सापळ्यांपैकी दोन परत भिंतीला लावले.

उद्या रविवार. रविवारीही धरणाचं दार सहालाच उघडतं. म्हणून दोघी पाच चाळीसला सापळे लावायला खाली असतील. पुलाच्या दुसऱ्या कमानीखाली पहिला सापळा, रेघेच्या अलीकडे, घासलेला. बंधाऱ्याखाली दुसरा आणि तिसरा, रेघेच्या पलीकडे, न घासलेले.